शटर दाबण्याआधी

ताण वाढला की माणसाचं बघणं कमी होतं. झोप उडते, मान आखडते, अन्नावरची वासना जाते, हे आपण एकमेकांना सांगतो. डोळ्यांचं काय होतं ते मात्र सहसा बोललं जात नाही. चालत चालत घरी पोहोचतो आणि वाटेत काय दिसलं असं कुणी विचारलं तर सांगायला काही नसतं. समोरचं माणूस बोलत असतं, आपण हुंकार देत असतो, आणि मनात उद्याच्या बैठकीत काय बोलायचं तेच पुन्हा पुन्हा घोळत असतं.

मॅथ्यू किलिंग्जवर्थ आणि डॅनियल गिल्बर्ट या हार्वर्डच्या मानसशास्त्रज्ञांनी २०१० साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. लोकांना दिवसभरात मधूनच फोनवर विचारलं जायचं: आत्ता काय करताय, मन त्यातच आहे की दुसरीकडे, आणि कसं वाटतंय? जवळजवळ ४७ टक्के वेळा मन हातातल्या कामात नव्हतं. मन भरकटलेलं असताना लोक एकंदरीत कमी सुखात होते. गोड विचारांत हरवलेली माणसंसुद्धा हातातल्या कामात रमलेल्यांपेक्षा जास्त सुखात नव्हती. हे वाचलं तेव्हा मला दिवास्वप्नांची कीव आली.

माझं काम आकड्यांचं. महिनाअखेर जवळ आली की छातीवर दडपण येऊन बसायचं आणि नवा महिना लागला तरी उठायचं नाही. ध्यानाला बसून बघितलं. ज्यांना ते जमतं त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे. जॉन कबात-झिन यांनी १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात, जुनाट दुखण्यांनी गांजलेल्या रुग्णांसाठी सुरू केलेला आठ आठवड्यांचा अभ्यासक्रम आज जगभर शिकवला जातो, तो काही उगीच नाही. पण मी डोळे मिटले की आतला गोंगाट वाढायचा. मला उघड्या डोळ्यांनी करता येईल असं काहीतरी हवं होतं, आणि हातांनाही काम हवं होतं. रडणाऱ्या मुलाच्या हातात एखादी वस्तू दिली की ती निरखता निरखता ते रडं विसरतं, तसं कॅमेऱ्याने माझ्या मनाचं केलं.

आधी शरीराचं सांगते. उजेड भरपूर असला की फोटो कसाही निघतो. कस लागतो तो उजेड कमी असताना. शटर, म्हणजे उजेड आत सोडणारा कॅमेऱ्यातला पडदा, जितका वेळ उघडं, तितका वेळ हात स्थिर हवा. फोटोग्राफर मंडळींचा जुना ठोकताळा आहे: ५० मिलिमीटरची लेन्स असेल तर शटर १/५० सेकंदापेक्षा हळू नको, नाहीतर हाताची थरथर फोटोत उतरते. त्याहून हळू शटर लावायचं असेल तर कोपर फासळ्यांना टेकवायचे, पाय जरा फाकवून उभं राहायचं, श्वास सावकाश सोडायचा आणि सोडता सोडताच बोट दाबायचं. नेमबाजही श्वासावर असंच लक्ष ठेवतात. श्वास घेताना हृदयाचे ठोके किंचित वाढतात आणि सोडताना मंदावतात, कारण व्हेगस नावाची मज्जातंतूंची जोडी त्या वेळी हृदयाला लगाम घालते. फोटो हलू नये म्हणून मी श्वास लांबवते. शरीराला माझ्या कारणाशी काही देणंघेणं नसतं, ते आपलं शांत होत जातं. आता बहुतेक फोनमध्ये थरथर सावरणारी यंत्रणा असते, त्यामुळे एवढा खटाटोप करायची गरज उरलेली नाही. मी तरीही करते.

आता बघण्याचं. टेबलावर पाण्याने भरलेला काचेचा पेला आहे आणि पलीकडच्या खिडकीतून कलतं ऊन त्याच्यावर येतंय, एवढंच समजा. पहिल्या नजरेला पेला दिसतो. मेंदू नाव लावतो आणि पुढे सरकतो. आता कॅमेरा डोळ्याशी न्या, पण फोटो काढू नका. थोड्या वेळाने पेल्याच्या सावलीच्या आत उजेडाचा एक पट्टा दिसायला लागतो. सावलीत खरं तर उजेडाला थारा नसायला हवा. पण पाणी आणि काच मिळून भिंगाचं काम करतात, ऊन एके ठिकाणी गोळा करतात, आणि सावलीच्या पोटात भोवतालच्या टेबलापेक्षाही लख्ख रेघ उमटते. तिच्या कडांना कुठे तांबूस, कुठे निळसर झाक असते. बाहेरून एखादं जड वाहन गेलं की पाण्याला कंप सुटतो, रेघ फाटते, थरथरते, पुन्हा सांधली जाते. पेल्यातून पलीकडे बघावं तर खिडकी डावी-उजवी उलटलेली: डावीकडचा पडदा उजवीकडे गेलेला. पाणी काचेला जिथे भिडतं तिथे ते अगदी किंचित वर चढलेलं असतं, आणि त्या चढावावरून एक चकाकती कड गोल फिरते. डोकं जरासं हलवलं की ती कड सरकते.

हे सगळं दिसायला वेळ लागतो, त्याला कारण आहे. आपल्या नजरेचा तल्लख भाग फार लहान असतो. हात लांब करून अंगठ्याच्या नखाकडे बघा, साधारण तेवढाच. बाकीचं दृश्य अंधूक असतं. डोळे सेकंदाला दोन-तीनदा उड्या मारतात आणि मेंदू ते तुकडे जोडून आपल्याला सलग जग दाखवतो. एरवी या उड्या कामापुरत्या चालतात: दार कुठे, जिना कुठे, घड्याळात किती वाजले. पेला नीट बघायचा तर नखाएवढी नजर त्याच्यावरून सावकाश फिरवावी लागते, आणि ती फिरत असताना काळजीला आत शिरायला फट सापडत नाही. किंवा सापडली तरी तिला थोडा वेळ बाहेर थांबावं लागतं.

मग मी फोटो काढते, कधी काढतही नाही. ताण उतरायला लागलेला असतो तो त्याच्या आधी. या सगळ्या खटाटोपात मला जे सापडलं ते हेच. फोटोग्राफीतला औषधी भाग शटर दाबण्याच्या आधी असतो, आणि तिथे थांबायला निमित्त मिळावं एवढ्यासाठी फोटो हवा. नुसतंच पेल्याकडे बघत बसा म्हटलं तर अर्ध्या मिनिटात कंटाळा येईल. चौकट ठरवायची असली की तोच माणूस दहा मिनिटं हलत नाही.

यात मी नवीन काही शोधलेलं नाही. तिबेटी बौद्ध गुरू चोग्याम त्रुंग्पा यांच्या शिकवणीतून फोटोग्राफीची एक परंपराच उभी राहिली, तिला मिकसांग म्हणतात. मायकेल वुड हे तिचे एक प्रमुख शिक्षक. त्यांची पद्धत तीन पायऱ्यांची आहे. चालता चालता काहीतरी एकदम नजर खेचून घेतं, एखादा रंग, एखादा पोत, ती पहिली पायरी. मग लगेच कॅमेरा न उचलता त्याच्यापाशी थांबायचं आणि आपल्याला नेमकं कशाने धरलं ते ओळखायचं. आणि शेवटी जेवढं दिसलं तेवढंच चौकटीत घ्यायचं, सजवायचं नाही, त्यात भर घालायची नाही. माझ्या मते तिसरी पायरी सगळ्यात अवघड. भिंतीवरच्या पिवळ्या तुकड्याने धरलेलं असतं आणि आपण हावरटपणे अख्खी भिंत, खिडकी, कुंडी सगळं आत घेतो. मन शांत नसलं की चौकट मोठी होते, हे मी स्वतःच्या फोटोंवरून सांगू शकते.

आल्फ्रेड स्टिग्लिट्झ या अमेरिकन फोटोग्राफरने १९२२ च्या उन्हाळ्यात ढगांचे फोटो काढायला सुरुवात केली. तेव्हा त्याची आई मरणपंथाला लागलेली होती आणि घराची घडी विस्कटत चालली होती. ढगांकडे आपण का वळलो हे सांगताना त्याने स्वतःच ते लिहून ठेवलं आहे. त्याच्या फोटोंची ताकद समोरच्या माणसावर तो टाकत असलेल्या प्रभावात आहे, असं कुणीतरी म्हटलं होतं. ते खोडून काढायला त्याने असा विषय निवडला जो कुणाच्याच ताब्यात नाही. ढग सगळ्यांचे आहेत, त्यांच्यावर अजून कर बसलेला नाही, अशा अर्थाचं त्याचं म्हणणं होतं. त्याने पुढे कित्येक वर्षं ढग टिपले. दुःखाच्या दिवसांत मान वर करून बघत राहण्याचं हे काम त्याला किती आधाराचं वाटलं असेल याचा मी अनेकदा विचार करते.

पण मला सगळ्यात जवळचा वाटतो तो योसेफ सुडेक. प्रागचा. पहिल्या महायुद्धात इटालियन आघाडीवर जखमी झाला आणि त्यात त्याचा उजवा हात गेला. बुकबाइंडिंगचा त्याचा धंदा होता, तो एका हाताने होण्यासारखा नव्हता. तो फोटोग्राफीकडे वळला, आणि पुढे तिपाईवर ठेवायचे अवजड मोठे कॅमेरे एका हाताने वागवत राहिला. १९३९ मध्ये जर्मन फौजा प्रागमध्ये घुसल्या. बाहेर कॅमेरा घेऊन मोकळेपणी हिंडण्याचे दिवस संपले. १९४० पासून सुडेकने आपल्या स्टुडिओच्या खिडकीचे फोटो काढायला सुरुवात केली. बाहेर छोटी बाग, त्यात एक वाकडंतिकडं झाड. काचेवर कधी दव, कधी ओघळ, कधी गोठलेल्या बर्फाची नक्षी, आणि पलीकडे ते झाड, कधी स्पष्ट तर कधी नुसता डाग. युद्ध संपलं, राजवटी बदलल्या, तरी १९५४ पर्यंत हे चालूच होतं. एक हात, एक खिडकी, चौदा वर्षं. बाहेर जे चाललं होतं त्याच्यावर त्याचा काडीचा इलाज नव्हता, पण काचेवरचा ओघळ आज कुठवर आला हे तो बघू शकत होता. ते फोटो बघताना मला पळपुटेपणा दिसत नाही. मला त्यात शाबूत राहिलेला माणूस दिसतो.

आता दुसरी बाजू. कॅमेरा हातात आला म्हणजे मन शांत झालं, असं मुळीच नाही. फेअरफील्ड विद्यापीठातल्या लिंडा हेंकेल यांचा २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग सुंदर आहे. त्यांनी विद्यार्थ्यांना संग्रहालयातून फिरवलं. काही वस्तू नुसत्या बघायच्या, काहींचे फोटो काढायचे. दुसऱ्या दिवशी विचारलं तर फोटो काढलेल्या वस्तू कमी आठवत होत्या. कॅमेऱ्याकडे सोपवलं की मन आपली जबाबदारी झटकतं. पण प्रयोगाचा पुढचा भाग मला महत्त्वाचा वाटतो: ज्यांना वस्तूच्या एखाद्याच भागावर झूम करायला सांगितलं, त्यांची आठवण शाबूत राहिली, आणि झूमच्या बाहेर राहिलेल्या भागाचीसुद्धा. जवळून बघणं भाग पडलं की मन कामाला लागतं.

क्रिस्टिन डील आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये दोन हजारांहून जास्त लोकांवरच्या प्रयोगांतून दाखवलं की फोटो काढणारी माणसं अनुभवात जास्त गुंततात आणि त्यामुळे त्याचा जास्त आनंद घेतात. मात्र अनुभव मुळातच वाईट असेल तर फोटो काढल्याने तोही जास्त वाईट वाटतो. म्हणजे कॅमेरा भिंग आहे, समोर जे असेल ते तो मोठं करतो. याच संशोधकांनी २०१८ मध्ये आणखी एक गोष्ट मांडली: फोटो लोकांना दाखवायचा म्हणून काढला की आनंद कमी होतो, स्वतःसाठी काढला तर होत नाही. कारण साधं आहे. लोकांना कसं वाटेल याची काळजी शटरच्या आधीच डोक्यात शिरते.

हे मला इतकं पटलं की माझे असे फोटो मी कुणालाच दाखवत नाही. पण माझ्या मताला छेद देणारंही काही आहे आणि ते सांगायला हवं. लँकेस्टर विद्यापीठाच्या लिझ ब्रूस्टर आणि शेफील्डचे अँड्र्यू कॉक्स यांनी रोज एक फोटो काढून तो ऑनलाइन टाकणाऱ्या लोकांचा अभ्यास केला. त्या लोकांना त्यातून खरोखर आधार मिळत होता: घराबाहेर पडायला कारण, स्वतःची काळजी घेण्याची सवय, अनोळखी माणसांशी चार शब्द, आणि मागे वळून बघायला काहीतरी. एकटं पडलेल्या माणसाला हे चार शब्द फार मोठे असतात. मला गर्दीचा ताण आहे म्हणून मला एकांत लागतो. ज्याला एकांताचाच ताण आहे त्याने फोटो जरूर दाखवावेत.

आईचं ऑपरेशन होतं तेव्हाची गोष्ट. आत नेलं आणि दार बंद झालं. बाहेर मी आणि माझा धाकटा भाऊ. फोनवर सतत नातेवाइकांचे मेसेज, प्रत्येकाला उत्तर देताना पोटातला गोळा आणखी घट्ट होत होता. शेवटी फोन भावाकडे दिला आणि पिशवीतला छोटा कॅमेरा काढला. त्या बंद दाराचा फोटो काढायचा नाही हे मनाशी पक्कं होतं. भोकं पाडलेल्या पत्र्याच्या खुर्च्यांची रांग होती, आणि टोकाच्या खिडकीतून आलेलं ऊन त्या भोकांमधून खाली फरशीवर सांडलं होतं. प्रत्येक खुर्चीखाली लांबट ठिपक्यांची नक्षी होती. पलीकडे एक आजोबा येऊन बसले आणि त्यांच्या खुर्चीखालचे ठिपके सगळे विझले. त्यांनी पाय हलवला की कडेचे दोन-तीन पुन्हा पेटायचे.

भावाने विचारलं, "ताई, काय काढतेयस?"

"ऊन."

तो वाकून बघायला लागला. थोड्या वेळाने म्हणाला, "ते इकडे सरकतंय बघ. मघाशी त्या रेघेच्या पलीकडे होतं." मग आम्ही दोघं ते ठिपके फरशीच्या पुढच्या सांध्यापर्यंत यायची वाट बघत बसलो.

भीती गेली असं मी म्हणणार नाही. ती तिथेच होती, माझ्या शेजारी. पण तोपर्यंत सगळा वऱ्हांडा तिनेच भरून टाकला होता, आणि आता तिथे ऊनही होतं, आजोबा होते, भाऊ होता. डॉक्टर बाहेर आले तेव्हा त्यांचं पहिलं वाक्य मला नीट ऐकू आलं. एरवी अशा वेळी माझ्या कानात नुसतं घूं होतं. आई आता बरी आहे.

प्रत्येक ताणावर हा उतारा नाही. आठवडेच्या आठवडे झोप लागत नसेल, कशातच रस वाटत नसेल, जगणं नकोसं वाटत असेल तर डॉक्टरकडे जायला हवं, कॅमेऱ्याकडे नाही. बरं होत असताना तो सोबतीला असू द्यावा. आणि ज्यांचं पोट फोटोग्राफीवर आहे त्यांना यातलं काही सांगायची माझी हिंमत नाही, कारण त्यांच्या गळ्यात अडकवलेला कॅमेरा हाच त्यांचा ताण असू शकतो. तसं असेल तर पेन्सिल घेऊन चित्र काढावं. आँरी कार्तिए-ब्रेसाँ या थोर फोटोग्राफरने उतारवयात कॅमेरा जवळजवळ बाजूला ठेवला आणि तो चित्रंच काढत बसला.

काढल्या काढल्या पडद्यावर फोटो बघायचा मोह आवरणं मला सगळ्यात गरजेचं वाटतं. तो बघितला की परीक्षक जागा होतो, आणि एकदा तो जागा झाला की पुढचं सगळं बघणं त्याच्या ताब्यात जातं. मी फोटो एकदम महिन्याने उघडते. बरेचसे पुसून टाकते. त्यांचं काम तेव्हाच झालेलं असतं. तरी त्या महिनाभराच्या फोटोंकडे सलग बघितलं की आपली मनःस्थिती कळते: कोणत्या आठवड्यात सगळं लांबून काढलंय, कोणत्या आठवड्यात एका पानाच्या शिरेपर्यंत गेलोय. महिनाअखेरीच्या दिवसांतले फोटो अजूनही लांबूनच असतात, पण हल्ली त्यांच्यात एखादा जवळचा सापडतो.

मैत्रिणी विचारतात, कॅमेरा कोणता घेऊ? जो आहे तो. फोनचा असेल तर आधी तो फ्लाइट मोडवर टाका. एकच जागा धरा, रोजची, कंटाळवाणी, जिथे बघण्यासारखं काही नाही असं तुम्हाला खात्रीने वाटतं: जिन्याचा कोपरा, न्हाणीघराची खिडकी, काहीही. सुरुवातीला झूमला हात लावू नका, जवळ जायचं असेल तर पायांनी जा. पहिल्या फोटोआधी पाच मिनिटं नुसतं उभं राहा, आणि कुणी काय चाललंय असं विचारलं तर त्यालाही शेजारी उभं करून घ्या.